खाली बीड, वर बालाघाट : एका शहराची आणि त्याच्या डोंगराची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक काम करा. फोन हातात आहेच, तर मॅप उघडा आणि बीड टाका. नुसतं 'बालाघाट' टाकू नका, नाहीतर मध्य प्रदेशात जाऊन पोचाल. बीड टाका आणि साधा नकाशा नको, सॅटेलाइटवाला लावा.

काय दिसतं? वरच्या बाजूला गोदावरीच्या काठाकाठानं सपाट, चौकटी चौकटीची शेतं. आणि खाली, शहराच्या दक्षिणेला जमीन एकदम चुरगळल्यासारखी. कागद मुठीत धरून सोडून दिल्यावर दिसतो ना, तशी. तो चुरगळलेला भाग म्हणजे बालाघाट. आणि ह्या दोन्हींच्या अगदी सांध्यावर, डोंगर जिथं संपतो आणि मैदान जिथं सुरू होतं तिथं, बीड शहर बसलंय.

बीडचं नाव हल्ली बातम्यांत कशासाठी येतं ते तुम्हाला माहितीय. आज आपला तो विषय नाही. आज आपण हजारभर वर्षं मागं जाणार आहोत, आणि माझं म्हणणं असं आहे की ह्या जिल्ह्याची सगळी गोष्ट त्या सांध्यात आहे. पाणी वरून खाली येतं. देवळं, विहिरी, किल्ले, लढाया, सगळं त्या पाण्याच्या वाटेवर आहे. आणि आजचा सगळ्यात अवघड प्रश्न, म्हणजे दर वर्षी डोंगर सोडून जाणारी माणसं, तोही तिथलाच आहे. ते शेवटाकडे बोलू.

आधी शब्द. 'बाला' म्हणजे फारसीत वर. घाटाच्या वरचा तो बालाघाट आणि खालचा तो पायनघाट. दख्खनमध्ये राज्य करणाऱ्या लोकांनी मुलखाचे असे दोन भाग पाडले होते. हिशोबाची सोय. पण आपल्या माणसांनी त्याच्याही आधीपासून आपली नावं ठेवली होती. गोदावरीकाठची ती गंगथडी, कारण मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. गेवराई, माजलगावकडचा हा पट्टा काळ्या जमिनीचा. कापूस, ऊस, पैसा. आणि वर डोंगरात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केजचा काही भाग. तिथं मुरमाड, हलकी जमीन. बाजरी, ज्वारी, तूर, आणि उतारावर सीताफळं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे जीआय टॅग. ज्या खडकाळ उतारावर दुसरं काही नीट येत नाही तिथं हे झाड कुणी पाणी न घालता उभं राहतं, आणि फळ असं की चमच्यानं खावं.

आता जरा मजा बघा. पाटोदा तालुका मॅपवर मोठा करा. हा भाग म्हणजे पाण्याचं अंगण आहे, आणि त्याला तीन दारं आहेत.

पहिलं दार उत्तरेला. वाघिऱ्याजवळ बिंदुसरा उगम पावते, चिंचोलीच्या डोंगरात सिंदफणा. दोघी खाली उतरतात, बिंदुसरा बीड शहराच्या मधून जाते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा पुढं माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीत जाते. दुसरं दार पूर्वेला. गवळवाडीजवळ मांजरा निघते. ही जिल्ह्याच्या दक्षिण कडेनं वाहत जाते, लातूरला पाणी पाजते, कर्नाटकात बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, मग वळून उत्तरेला येते आणि सातशेवर किलोमीटर फिरून कंदकुर्तीपाशी पुन्हा गोदावरीलाच मिळते. म्हणजे पाटोद्यात शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि थेट निजामाबाद जिल्ह्याच्या हद्दीवर एकमेकांना भेटतात. तिसरं दार दक्षिणेला. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. पावसाळ्यात तिथं रील करायला गर्दी असते, तुमच्यातले काही जाऊन आले असतील. ते पाणी जामखेडकडून सीनेला, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. एकाच तालुक्यातून गोदावरी आणि कृष्णा दोघींना पाणी!

आणि एवढं सगळं देणाऱ्या ह्या डोंगरावर पाऊस किती? जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे मिलीमीटरच्या आसपास, आणि पश्चिमेकडे, आष्टी-पाटोद्याकडे, त्याच्याहूनही कमी. सह्याद्रीच्या सावलीतला प्रदेश आहे हा. ढग येतात, पण आधीच पश्चिमेला रिकामे होऊन.

आता खाली शहरात उतरू.

बीड हे नाव कुठून आलं ह्यावर चार गोष्टी सांगितल्या जातात. एक चंपावतीनगर. विक्रमादित्याची बहीण चंपावती हिनं गाव जिंकलं आणि नाव दिलं अशी कथा आहे. दुसरी म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, खोलगटात, बिळासारखं बसलेलं गाव म्हणून बीड. तिसरी मला जास्त आवडते. अरबीत विहिरीला 'बीर' म्हणतात, इथं पाणी हाताला लागण्याइतकं वर होतं म्हणून गावाचं नाव बीर पडलं. निजामाच्या काळातल्या कागदांत 'भीर' असंच लिहिलेलं असायचं. खरं कुठलं ते सोडा. पण गाव सांगताना लोकांना जमिनीचा खोलगट आणि विहिरीचं पाणी आठवतं, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याचं वेड ह्या गावाला जुनंच. कंकालेश्वर मंदिर बघा. यादवांच्या किंवा त्यांच्या आधीच्या चालुक्यांच्या काळातलं हे दगडी देऊळ चक्क तळ्याच्या मधोमध आहे. चहूबाजूंनी पाणी, आत जायला एक वाट. वरून बघितलं तर तळविन्यास तारकाकृती, म्हणजे भिंती सरळ न जाता कोन करत फिरतात. आणि बाहेरच्या भिंतीवर हातात शस्त्रं घेतलेल्या, लढणाऱ्या बायका कोरल्यात. देवळाच्या भिंतीवर नाचणाऱ्या, आरशात बघणाऱ्या सुरसुंदरी सगळीकडे सापडतात. लढणाऱ्या बाया कमी. गेलात तर पाच मिनिटं फक्त त्या शोधायला द्या.

मधेच एक गंमत. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक. होय, तोच, राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा. चौदाव्या शतकात तेलंगणच्या मोहिमेवरून आजारी होऊन परत येताना बीडजवळ त्याचा मुक्काम पडला. दाढ दुखत होती, ती पडली. आता आपण काय करू? कागदात गुंडाळून टाकून देऊ. सुलतानानं ती दाढ समारंभानं पुरली आणि वर घुमट बांधला. हे फरिश्ता ह्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. बीडच्या दक्षिणेला करझणीजवळ ती इमारत दाखवतात. जगात माणसांच्या कबरी असंख्य आहेत. दाताची कबर आपल्या जिल्ह्यात आहे, आणि कॉलेजमधल्या दहा पोरांना विचारलं तर आठांना माहिती नसते.

हसून झालं असेल तर आता खऱ्या खजिन्याकडे या. खजाना विहीर.

बीडपासून दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर, सोलापूर-धुळे रस्त्याच्या बाजूला ही विहीर आहे. साल हिजरी ९९१, म्हणजे १५८३ च्या सुमारास. अहमदनगरला मुर्तजा निजामशहाचं राज्य होतं आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. नगरला डोंगरावर ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो ना, ती खरं तर ह्या सलाबतखानाची कबर. ह्या माणसाला पाण्यात रस होता. बीडची विहीर त्यानं बांधून घेतली आणि ज्यानं ती बांधली त्या स्थापत्यकाराचं नाव राजा भास्कर असं सांगतात. बांधायला सरकारी खजिना लागला म्हणून नाव खजाना.

बरं, ह्यात विशेष काय? विहिरी काय कमी आहेत आपल्याकडे?

विशेष असं की ही विहीर पाणी उपसायला बांधलेलीच नाही. मोट नाही, रहाट नाही. मोठं गोल तोंड, आत कडेनं फिरायला दगडी ओवऱ्या, आणि तळाशी बोगदे. वरच्या अंगाच्या बोगद्यांतून पाणी आत येतं. खालच्या अंगाच्या बोगद्यातून ते बाहेर पडतं आणि जमिनीखालून, उताराउतारानं, बीडच्या दिशेनं जाऊन शेतात उघडं होतं. त्या भिजणाऱ्या रानाला बलगुजार म्हणतात. म्हणजे विहीर हा सगळ्या रचनेचा फक्त मधला टप्पा आहे. अलीकडे भूगर्भातलं पाणी गोळा करणारी नहर, पलीकडे वाटणारी नहर, आणि मधे हा हौद. गाळ खाली बसावा, वेग कमी व्हावा, आणि उन्हाळ्यात माणसानं गारव्याला बसावं म्हणून.

लोक म्हणतात, खजाना विहिरीची पातळी बदलत नाही, चमत्कार आहे. चमत्कार नाही हो, हिशोब आहे. तुमच्या घरच्या टाकीला वर ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना? पाणी त्या पाइपच्या उंचीपर्यंत येतं आणि जादा असेल ते बाहेर जातं. टाकी त्या रेषेच्या वर भरत नाही. इथं तेच. बाहेर जाणाऱ्या बोगद्याचं तोंड ज्या उंचीला आहे, पाण्याची रेघ तिथं टिकते. जोवर वरून येणं चालू आहे तोवर. हे 'जोवर' महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येतो.

ह्या तंत्राचं मूळ इराणात. तिकडे त्याला कनात म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतलं पाणी बोगद्यानं पकडायचं, अगदी थोडा उतार देत देत गावापर्यंत आणायचं. विजेची गरज नाही, उन्हात वाफ होऊन जात नाही. ठरावीक अंतरावर वर तोंडं ठेवायची, हवेसाठी आणि आत उतरून गाळ काढायला. त्यांना आपल्याकडे उच्छ्वास म्हणतात. बीदरला असे बोगदे आहेत. पुढं सतराव्या शतकात मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी आणली. बीडची विहीर त्याच्या आधीची आहे. अंबरचं नाव सगळ्यांना माहिती झालं, भास्कर मागं राहिला. राजधानीत काम केलं की नाव होतं, तालुक्यात केलं की होत नाही, तेव्हाही असंच होतं बहुतेक.

आता ते 'जोवर'. खजाना विहिरीचं दगडकाम उद्या पडलं तर ते पुन्हा उभं करता येईल. पण ती जिवंत आहे ती वरच्या अंगाच्या जमिनीतल्या पाण्यामुळे. त्या जमिनीत प्रत्येक शेतकरी आज बोअर घेतो. चारशे फूट, सहाशे फूट, आणखी खाली. त्याचा दोष नाही, त्याला पीक जगवायचंय. पण बोअर एकेकट्यानं खोल जातो, आणि भास्करच्या नहरीनं वरवरचं पाणी सगळ्यांसाठी गोळा केलेलं असतं. एका बोअरनं पातळी खाली नेली की चार शतकं चाललेला ओव्हरफ्लो थांबू शकतो. स्मारक वाचवायचं म्हणजे आपण कुंपण घालतो, बोर्ड लावतो, तिकीट लावतो. इथं कुंपण कुठं घालणार? वारसा विहिरीच्या कठड्यापाशी संपत नाही, तो अख्ख्या उताराखाली पसरलाय. पोरांनो, कधी प्रोजेक्ट करायचा असेल तर हा करा. उच्छ्वास शोधा, मोजा, मॅपवर टाका. दगडावरची नावं वाचणारे बरेच आहेत, बोगद्याची वाट शोधणारे हवेत.

बिंदुसरेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही नदी वर्षातले कितीतरी महिने एखाद्या ओढ्यासारखी असते, शहरातल्या लोकांना ती नदी वाटतच नाही. आणि मग जुलै १९८९ येतो. डोंगरात पाऊस कोसळला आणि ते सगळं पाणी एका रात्रीत बीडमधून गेलं. माणसं वाहून गेली, घरं, दुकानं, जनावरं गेली. आजही जुन्या बीडमधल्या घरांत 'महापूर' म्हटलं की साल विचारावं लागत नाही. डोंगर दिसत नाही म्हणून त्याला विसरता येत नाही. हे त्या रात्री शहराला कळलं.

बीडमध्ये आणखी बघण्यासारखं बरंच आहे, ते पटकन सांगतो. जुन्या शहराच्या वेशी, किल्ल्यातली मोगलांच्या काळातली जामा मशीद, शहेनशाहवलींचा दर्गा, टेकडीवरचं खंडोबाचं देऊळ आणि समोरच्या दोन उंच दीपमाळा. आणि मन्सूरशाहांची दरगाह. हे मन्सूरशाह म्हणजे महादजी शिंद्यांचे गुरू. पानिपतातून जखमी होऊन परत आलेला, पुढं दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवणारा हा मराठा सरदार बीडच्या एका सूफी फकिराला गुरू मानत होता. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात ही श्रद्धा पुढंही चालली. व्हॉट्सॲपवर जो इतिहास फिरतो त्यात हे बसत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

चला, परत घाट चढू. धारूर.

सोळाव्या शतकात विजापूरची आदिलशाही आणि नगरची निजामशाही ह्यांची हद्द ह्याच डोंगरात कुठंतरी होती. विजापूरचा सरदार किश्वरखान ह्यानं हद्दीवर, तीन बाजूंनी दरी असलेल्या जागी, किल्ला बांधला. निजामशहाला हे कसं चालेल? मुर्तजा निजामशहा चालून आला, लढाईत किश्वरखान बाण लागून मेला, किल्ला गेला आणि धारूरचं नाव झालं फतेहाबाद. फतेह म्हणजे विजय. पुढं १६३१ च्या सुरुवातीला शाहजहानचा सरदार आझमखान ह्यानं तो मोगलांसाठी घेतला. साल नीट बघा. १६३०-३१ म्हणजे दख्खनमधला तो भयंकर दुष्काळ. अन्नाला माणसं महाग झाली होती. किल्ला कोणी घेतला ते आपण पाठ करतो, पण त्या वर्षी घाटावरच्या गावांत काय चाललं असेल ह्याचा धडा पुस्तकात नसतो.

किल्ला घाटाच्या कडेवरच का? कारण खालची श्रीमंत गंगथडी आणि वरचा मुलूख ह्यांच्यामधल्या वाटा मोजक्या आहेत. जो घाट धरेल तो दोन्हीकडे बघेल. आज मांजरसुंब्याचा घाट चढताना ट्रक गिअर बदलतात ना, तो आवाज ऐकताना हे आठवा.

उलटा प्रकार बघायचा असेल तर राक्षसभुवन. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. १० ऑगस्ट १७६३. पानिपताला अजून तीन वर्षंही झाली नव्हती आणि मराठ्यांचं आता संपलं असं निजामाला वाटत होतं. भर पावसाळा, नदी फुगलेली. निजामअली काही फौज घेऊन पलीकडे उतरला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह अलीकडच्या काठावर होता. मधे गोदावरी. माधवराव पेशवे आणि राघोबांनी नेमकी ही वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडचा निजाम मदतीला येऊच शकला नाही. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान! पण श्रेय देताना थोडं नदीलाही द्या.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं गाव. अंबाजोगाई.

बालाघाटाच्या पूर्वेकडच्या पठारावर, जयंती नदीच्या काठी हे गाव आहे. योगेश्वरीचं ठाणं. कोकणातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवी, म्हणजे चिपळूण-रत्नागिरीकडची माणसं कुलदर्शनाला थेट मराठवाड्यात येतात. गावाला लागून हत्तीखाना नावाची कोरीव लेणी आहेत, अंगणात दगडी हत्ती उभे.

यादव राजा सिंघण ह्याचा सेनापती खोलेश्वर इथला. त्याच्या काळातले शिलालेख अंबाजोगाईत सापडलेत, १२२८ चा एक, १२४० चा एक. ह्यातल्या दुसऱ्यात एक फार हळवी गोष्ट दडलीय. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला, आणि त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधलं. राजे देवळं बांधतात ती बहुतेक विजयाची असतात. हे एका बहिणीनं गेलेल्या भावासाठी बांधलेलं. आठशे वर्षांपूर्वी, ह्या गावात.

मग मुकुंदराज. 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानतात. हे धरलं तर ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचं मराठी. सालावर अभ्यासकांचे वाद आहेत, मुकुंदराज नेमके कुठले ह्यावरही आहेत, विदर्भातल्या आंभोऱ्याचा दावा आहेच. पण त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात, गावाबाहेर, खोल दरीच्या कडेला. तिथं उभं राहिलं की वाद घालावासा वाटत नाही.

आणि दासोपंत. जन्म १५५१, समाधी १६१५ च्या सुमारास. ह्या माणसानं लिहिलं किती! गीतेवरचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. पण खरी कमाल म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड कापड. दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर पंचीकरण लिहिलं, म्हणजे पंचमहाभूतं एकमेकांत मिसळून हे जग कसं झालं त्याचं तत्त्वज्ञान. आणि नुसतं लिहिलं नाही, चौकटी, आकृत्या, रेषा काढून समजावलं. आज आपण ज्याला इन्फोग्राफिक म्हणतो ते. तुम्ही फोनवर अंगठ्यानं स्क्रोल करता, हा माणूस चारशे वर्षांपूर्वी खराखुरा स्क्रोल लिहून बसला होता. कापडावर, हातानं, मराठीत.

निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं, तिथं घोडदळाची छावणी होती. आणि ह्याच गावात १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याहून आपलं शिक्षणाचं काम आणलं. जे पुढं हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले ते आधी इथं मुलांना शिकवणारे मास्तर होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. आज गावातलं सरकारी मेडिकल कॉलेज त्यांच्याच नावानं आहे.

आता मी सुरुवातीला म्हटलं होतं त्या अवघड प्रश्नाकडे.

दसरा-दिवाळी झाली की बीडच्या डोंगरातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर येतात. भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढतं आणि गाडी पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते. ऊस तोडायला. पाच-सहा महिने पालात, कोपीवर. महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांत सगळ्यात जास्त माणसं बीडची. नवरा-बायको मिळून हिशोबात एक 'कोयता' धरतात. दोन माणसं, एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात संपते, आणि मग हंगामभर ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. २०१९ मध्ये सरकारी समितीनं जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा हजारो जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सुट्टी घेतली की दंड, पाळी म्हणजे खाडा, अशा कामात ह्या शस्त्रक्रियेकडे वळणं त्यांना सोपं वाटायला लागलं होतं.

लोक म्हणतात, तिथले लोक मागास म्हणून जातात. मला हे पटत नाही. पुन्हा मॅप बघा. पाऊस पडतो डोंगरावर, पण साठतो खाली. माजलगावचं धरण सिंदफणेवर, तिचा उगम पाटोद्यात. धनेगावचं मांजरा धरण केज तालुक्यात, तिचाही उगम पाटोद्यात. त्या पाण्यावर शहरं पितात, ऊस पिकतो. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती बातमी देशभर गाजली. २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. शहराचं पाणी तुटलं की बातमी होते. उगमावरच्या वाडीत फेब्रुवारीत टँकर सुरू होतो, ती बातमी नसते, ते दर वर्षीचंच. ज्या डोंगरानं तीन दिशांना नद्या दिल्या, त्याची माणसं दुसऱ्याच्या रानात, भरपूर पाणी पिणारं पीक तोडायला जातात.

डोंगरानं आपल्या माणसांना काय दिलं मग? गड दिले. नारायणगड, गहिनीनाथगड, जिल्ह्याच्या हद्दीवरचा भगवानगड, मायंब्याला मच्छिंद्रनाथांचं ठाणं, कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी. हे गड म्हणजे किल्ले नव्हेत. ही संतांची, नाथांची, वारकऱ्यांची ठिकाणं. इथं धारूरसारख्या तोफा नाहीत, पंगती आहेत. सहा महिने बाहेर राहणारा माणूस परत आला की गावात एकदा आणि गडावर एकदा जातो.

रेल्वेचं सांगतो आणि थांबतो. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये. लांबी २६१ किलोमीटर. नगरहून आष्टीपर्यंत पहिली गाडी धावली सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहरात गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर तीस वर्षांचं झालं. गाडी आली त्या दिवशी म्हातारी माणसं नुसती रूळ बघायला आली होती. आता बाहेरून बीडला यायचं तर बसवरच अवलंबून राहायला नको. सकाळी कंकालेश्वर, दुपारी ऊन असताना खजाना विहिरीच्या ओवरीत, आणि दिवस हातात असेल तर मांजरसुंब्याच्या पुढं कपिलधार. पाऊस चांगला झाला असेल तर धबधबा मिळेल. नसेल झाला तर कोरडा कडा बघा, वर्षातले जास्त महिने तो तसाच असतो.

पुढच्या भागात परळी आणि गोदावरीकाठचं पुरुषोत्तमपुरी, तिथले रामचंद्र यादवाचे १३१० चे ताम्रपट आणि अधिक महिन्यातली जत्रा. तुमच्या गावात एखादा जुना उच्छ्वास, बारव किंवा बोगद्याचं तोंड असेल तर फोटो काढून पाठवा, सोबत गावाचं नाव लिहा. आत उतरू नका.